रेकॉर्ड जमवायच्या तर पैसा आधी सुईवर खर्च करावा

संपादक महोदय,

रेकॉर्डचा छंद पुन्हा रुजू लागला आहे, असे गेली काही वर्षे वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून वारंवार वाचायला मिळते. बातमी खरी आहे. अमेरिकेत २०२२ साली, १९८७ नंतर प्रथमच, सीडींपेक्षा रेकॉर्डचे नग जास्त विकले गेले आणि आपल्याकडेही जुन्या हिंदी चित्रपटांच्या नव्याने काढलेल्या एलपी (बाजूला वीसेक मिनिटे वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्ड) पुन्हा विकायला आल्या आहेत. मात्र या लेखांसोबतची छायाचित्रे आणि त्यांतील किमती पाहिल्या की, बेताच्या पगाराच्या कोणाही तरुणाने ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून पान उलटावे, अशीच त्यांची एकंदर मांडणी असते. एका नव्या एलपीला दोन-तीन हजार आणि यंत्राला लाखभर रुपये मोजल्याशिवाय या छंदात पाऊल टाकता येत नाही, हा समज त्यातून पसरतो. तो चुकीचा आहे, आणि मराठी गाणे ऐकत वाढलेल्या माणसाच्या बाबतीत तर फारच चुकीचा आहे. थोड्या पैशांत चांगला संग्रह सुरू करता येतो. फक्त खर्चाचा क्रम बदलावा लागतो. आरंभी रेकॉर्डवर अगदी कमी आणि रेकॉर्डच्या खाचेतून फिरणाऱ्या सुईवर जास्त, असा तो क्रम असावा, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बहुतेक नवखे नेमके याच्या उलट वागतात. चार-सहा हजार रुपयांत मिळणारा, छोट्या सुटकेससारखा दिसणारा, आतच स्पीकर असलेला प्लेयर ते मागवतात आणि उरलेले पैसे नव्या कोऱ्या एलपींवर घालवतात. या स्वस्त प्लेयरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरून तिच्या कंपनांची वीज करणारा भाग) असते आणि त्याच्या सुईचा दाब पाच-सहा ग्रॅमपर्यंत असतो. चुंबकीय कार्ट्रिजच्या साध्यासुध्या टर्नटेबलला दीड ते तीन ग्रॅम दाब पुरतो. आकडे ऐकायला किरकोळ वाटतात. पण सुईचे टोक इतके बारीक असते की तो सगळा भार खाचेच्या भिंतीवरील सूक्ष्म जागेवर पडतो. प्रत्येक वेळी वाजवताना रेकॉर्ड थोडी थोडी झिजते आणि त्यात पहिल्यांदा जातो तो उंच पट्टीचा तपशील, म्हणजे सतारीच्या तरफांचा झंकार, टाळांची किणकिण, गायिकेच्या तोंडचा ‘स’. हे नुकसान पुन्हा भरून निघत नाही. तीन हजारांची एलपी चार हजारांच्या यंत्रावर वाजवणे म्हणजे पैठणी नेसून चुलीवर भाकऱ्या थापण्यापैकी आहे.

हीच गोष्ट माळ्यावरून खाली काढलेल्या जुन्या यंत्रांची. एचएमव्हीचा फिएस्टा हा छोटा प्लेयर अनेक घरांत अजून असतो, दिसायला गोजिरा असतो आणि तो दुरुस्त करून देणारे कारागीरही शोधले तर सापडतात. परंतु त्यातील कार्ट्रिज काही दशके पडून कडक झालेले असते आणि सुई किती झिजली आहे हे कोणालाच ठाऊक नसते. नवी सुई बसवल्याशिवाय त्यावर चांगली एलपी ठेवू नये. चावीच्या ग्रामोफोनवर तर एलपी कधीच ठेवू नये. त्याच्या लोखंडी सुईवरचा भार शंभर ग्रॅमच्या पुढे असतो. जुन्या कडक लाखेच्या रेकॉर्डसाठी ते यंत्र बनलेले आहे आणि त्यावर एलपी एकदा जरी वाजवली तरी ती कायमची जाते.

मग घ्यावे काय? पट्ट्यावर चालणारे, चुंबकीय कार्ट्रिजचे, सुई सहज काढून नवी बसवता येईल असे नवे टर्नटेबल आज साधारण पंधरा-वीस हजारांत मिळते. ही रक्कम लहान नाही, हे मला मान्य आहे. पण ती एकदाच घालायची असते, आणि ती जमेपर्यंत चार-सहा महिने थांबावे लागले तर त्या काळात बाजार हिंडून रेकॉर्ड पारखायला शिकता येते. सोबत स्पीकर नवे घेण्याची गरज नसते; घरातल्या जुन्या म्युझिक सिस्टीमचे किंवा संगणकाचे बरे स्पीकर सुरुवातीला पुरेसे होतात. एक गोष्ट मात्र समजून घ्यावी लागते. रेकॉर्ड कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि तीव्र स्वर वाढवलेले असतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद कराव्या लागतील की एका बाजूवर वीस मिनिटे बसणारच नाहीत. वाजवताना हा हिशेब उलटा करून घ्यावा लागतो आणि ते काम फोनो प्रीॲम्प करतो. तो काही टर्नटेबलमध्येच असतो; नसेल तर वेगळा घ्यावा लागतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले कॉस्मिक किंवा सोनोडाइनसारखे देशी ॲम्प्लिफायर जुन्या सामानात अजून मिळतात आणि त्यांच्या मागे ‘फोनो’ची जोडणी असते. आतले कपॅसिटर बदलून देणारा माहितगार मेकॅनिक ओळखीचा असेल तर तो सौदा नव्या यंत्रापेक्षा फायद्याचा ठरतो. नसेल तर त्या भानगडीत न पडलेले बरे.

जुने टर्नटेबल घ्यायचे झाले तर सुई फुकट आली असे समजू नये. ती संपलेली आहे असे धरूनच किमतीची घासाघीस करावी. हिऱ्याच्या टोकाची सुई सामान्यतः पाचशे ते हजार तास टिकते, नीलमण्याची त्याहून पुष्कळच कमी. रोज एक एलपी ऐकणाऱ्याला नवी सुई दोन-तीन वर्षे सहज पुरते. कार्ट्रिजचा नमुना ठरवतानाच त्याची बदली सुई आपल्याकडे मिळते का आणि कितीला मिळते, हे विचारून घ्यावे. परदेशातून आलेल्या काही देखण्या यंत्रांची सुईच मिळत नाही आणि मग ते यंत्र दिवाणखान्यात शोभेला उरते.

आता रेकॉर्डविषयी. मिनिटाला ७८ फेऱ्यांची लाखेची, ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणि ४५ फेऱ्यांची छोटी ईपी, असे तीन प्रकार आपल्याकडे सापडतात. एलपी १९४८ साली आणि ४५ची रेकॉर्ड १९४९ साली अमेरिकेत आली. आपल्याकडे ७८चे उत्पादन मात्र १९७०च्या सुमारापर्यंत चालू राहिले. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या बाजारांत ७८च्या रेकॉर्डचे ढीग अजून दिसतात आणि त्या स्वस्तही असतात. तरी नवख्याने पहिले वर्षभर तरी त्यांच्या नादी लागू नये, असे माझे मत आहे. ७८च्या खाचेला इंचाच्या सुमारे तीन सहस्रांश त्रिज्येच्या टोकाची सुई लागते आणि एलपीची सुई एक सहस्रांश किंवा त्याहूनही बारीक असते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते, त्यामुळे नुसती खरखर ऐकू येते. शिवाय आजची बरीच स्वस्त टर्नटेबले ७८ फेऱ्यांनी फिरतच नाहीत. लाखेची रेकॉर्ड हातातून निसटली की तिचे तुकडे होतात, ही आणखी एक अडचण.

ज्याला त्या दुनियेत शिरायचे आहे त्याने मात्र पूर्ण तयारीने शिरावे, कारण तिथला खजिना दुसरीकडे नाही. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा रेकॉर्ड छापण्यासाठी जर्मनीत हॅनोवरला पाठवाव्या लागत. गाणे संपताच गौहर जान आपले नाव इंग्रजीत पुकारत. पुढे १९०८ साली सियालदहला आणि १९२८ साली डमडमला कारखाना झाला. रेकॉर्डसाठी लागणारी लाख तर आपल्याच जंगलांतून जगभर जात होती. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांचे तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेले गाणे, जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांची भावगीते. मुंबईतच तयार होणारा ‘यंग इंडिया’ हा रेकॉर्डचा देशी शिक्का (लेबल). हे सारे ७८च्या दुनियेत आहे आणि त्यातले पुष्कळसे पुढे सीडीवर आलेच नाही. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने या विषयावर मोलाचे काम करून ठेवले आहे. तिचे ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक वाचल्याशिवाय ७८च्या बाजारात उतरू नये.

स्वस्त संग्रहाचे खरे गमक मात्र कोणती एलपी घ्यावी यात आहे. जुन्या रेकॉर्डची किंमत गाण्याच्या योग्यतेवर ठरत नाही, मागणीवर ठरते. राहुलदेव बर्मन यांच्या संगीताच्या एलपी, डिस्कोच्या दिवसांतील चित्रपटसंगीत आणि १९९०च्या दशकातील पहिल्या दोन-तीन वर्षांतील चित्रपटांच्या एलपी आज अवाच्या सवा भावाने जातात. यांतल्या शेवटच्या महाग असण्याचे कारण साधे आहे: तोवर कॅसेटने बाजार काबीज केला होता आणि एलपी अगदी थोड्या छापल्या जात. या शर्यतीत बेताच्या खिशाच्या माणसाने धावूच नये. त्याच दुकानात शेजारच्या खोक्यात शास्त्रीय गायनाच्या, नाट्यसंगीताच्या, भावगीतांच्या, अभंगांच्या एलपी असतात आणि त्यांना गिऱ्हाईक कमी असते. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर, माणिक वर्मा यांच्या एलपी मोठ्या संख्येने खपल्या होत्या. त्या दुर्मीळ नाहीत आणि म्हणूनच काहीशे रुपयांत मिळतात. दुर्मीळपणाचा सोस नसलेल्या श्रोत्याला याहून चांगली बाजारपेठ कोणती?

ईपींकडे तर कोणी पाहतच नाही. एका बाजूला दोन अशी बहुधा चार गाणी, सात इंचांचा आकार आणि पुष्कळदा कव्हर हरवलेले, त्यामुळे विक्रेता त्या गठ्ठ्याने काढून टाकायला तयार असतो. मराठी चित्रपटगीते, लावण्या, कोळीगीते, शाहीर साबळे, प्रल्हाद शिंदे हे सगळे या गठ्ठ्यांत सापडते. मराठी लोकसंगीताचा संग्रह करायचा असेल तर एलपीपेक्षा ईपीतच तो लवकर उभा राहील.

एचएमव्हीच्या शास्त्रीय एलपींच्या क्रमांकाआधी ‘ईएएलपी’ अशी अक्षरे असतील तर ती मोनो आणि ‘ईएएसडी’ असतील तर स्टिरिओ, एवढे लक्षात ठेवावे. मोनो म्हणजे कमअस्सल नव्हे. एकट्या गायकाच्या मुद्रणात तिने फार फरक पडत नाही आणि किंमत मात्र पुष्कळदा कमी असते. पोलिडोर, ओडियन, कोलंबिया, इनरेको असे इतर शिक्केही भेटतील आणि त्यांतही उत्तम मुद्रणे आहेत.

खरेदीच्या जागा सर्वांना ठाऊक आहेत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजारातील मटन स्ट्रीट, आणि प्रत्येक गावातला रद्दीवाला. नव्या रेकॉर्डची मोठी दुकाने एकेक करून गेली. मुंबईचे ऱ्हिदम हाऊसही २०१६ साली बंद झाले. बाजारात रेकॉर्ड वाजवून पाहायची सोय बहुधा नसते, म्हणून डोळ्यांनीच पारखावी लागते आणि ही पारख कोणालाही शिकता येते. रेकॉर्ड कडांना धरून उन्हात तिरपी करावी. खाचा काळ्या, चकचकीत दिसल्या तर ठीक. त्यांवर करडी छटा आलेली असेल तर ती धूळ नसून झीज असू शकते आणि धुतल्याने ती जाणार नाही. वरवरचे केसासारखे ओरखडे बऱ्याचदा ऐकू येत नाहीत, पण नखाला लागणारा ओरखडा प्रत्येक फेरीला टक् करणारच. मग रेकॉर्ड डोळ्यांच्या रेषेत धरून वाकली आहे का ते पाहावे. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेघांचे जाळे असेल तर अंधारात चाचपडत ती अनेकदा यंत्रावर चढवली गेली आहे, म्हणजेच भरपूर वाजली आहे. कव्हरच्या आत तीच रेकॉर्ड आहे ना, हेही पाहायला विसरू नये. भीमसेनजींच्या कव्हरातून भलत्याच कोणाची रेकॉर्ड निघणे ही बाजारातली रोजची गोष्ट आहे.

याखेरीज एक खूण खास आपल्याकडची आहे. लेबलवर किंवा कव्हरवर एखाद्या ‘साउंड सर्व्हिस’चा रबरी शिक्का किंवा रंगाने लिहिलेले नाव असेल तर ती रेकॉर्ड लग्नाच्या मांडवात आणि गणपतीत कर्ण्यांवर वाजलेली आहे. जड सुईखाली, धुळीत, दिवसदिवसभर. तिचे ऐतिहासिक मोल काहीही असो, ऐकण्यासाठी ती घेऊ नये. याउलट वाचनालयाचा किंवा शाळेचा शिक्का किंवा आधीच्या मालकाची सुवाच्य सही असलेली रेकॉर्ड पुष्कळदा जपून वापरलेली निघते. विक्रेते हे जाणून असतात, पण भाव सांगताना त्याचा विचार करतातच असे नाही.

इंटरनेटवरून घेताना दर्जाच्या अक्षरांवर फार विसंबू नये. विक्रेते ‘मिंट’, ‘व्हीजी प्लस’, ‘व्हीजी’ (व्हेरी गुड), ‘गुड’ अशी उतरंड वापरतात आणि तिच्यात ‘गुड’ दर्जाची रेकॉर्ड चांगलीच खरखरते. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर क्रमांक टाकून तीच रेकॉर्ड पूर्वी कितीला गेली ते पाहता येते. घासाघिशीला त्याचा उपयोग होतो. परदेशातून मागवल्यास टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून रेकॉर्डच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतात, म्हणून भारतीय संगीतासाठी तरी तो मार्ग धरू नये.

धुण्याची यंत्रे महाग असतात आणि सुरुवातीला त्यांची गरज नसते. डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन थेंब आणि मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचा कपडा, एवढ्यात एलपी स्वच्छ होते. हात खाचांच्या दिशेने फिरवावा, आडवा नाही, आणि लेबल कोरडे ठेवावे. स्पिरिट किंवा अल्कोहोल ७८च्या रेकॉर्डला कधी लावू नये, त्यात लाख विरघळते. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात, उन्हाच्या भिंतीपासून दूर. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशी आधी कव्हरच्या कागदावर धरते. आतली जुनी कागदी पाकिटे बदलली तर रेकॉर्ड वाचते. जुन्या, मऊ, चिकट झालेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाकाव्यात, त्या रेकॉर्डवर डाग पाडतात.

रेकॉर्डचा आवाज फोनवरच्या आवाजापेक्षा श्रेष्ठ असतो, हे दर लेखात ठासून सांगितले जाते. मला ते पटत नाही. नव्याने छापलेल्या कित्येक एलपी डिजिटल मुद्रणावरूनच तयार होतात आणि खराब सुईवर वाजलेली एलपी साध्या फाइलपेक्षाही वाईट ऐकू येते. म्हणूनच फोनवर सहज मिळणाऱ्या गाण्याची महागडी नवी एलपी घेण्यापेक्षा, त्याच पैशांत जुन्या बाजारातल्या पाच-सहा एलपी घ्याव्यात, ज्या दुसरीकडे धड मिळत नाहीत. वीस मिनिटांचा राग मध्ये न थांबवता ऐकायची सवय लागते, कव्हरच्या मागची टिपणे वाचली जातात, साथीदारांची नावे कळतात. एवढे कारण मला पुरेसे वाटते.

आता एक सूचना, जिच्यासाठी आपल्या वृत्तपत्राचे साहाय्य हवे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि त्याखाली राज्यभर अ, ब, क, ड वर्गांची मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी आहेत. ज्येष्ठ संग्राहक किंवा रसिक गेल्यावर घरच्यांना रेकॉर्डचे काय करावे हे कळत नाही आणि शेवटी सगळा गठ्ठा भंगारात किलोवर जातो. त्यांपैकी थोड्या रेकॉर्ड जरी ग्रंथालयांकडे आल्या आणि प्रत्येक तालुक्यातील एका ‘अ’ वर्ग ग्रंथालयाने वर सांगितल्यासारखे एक टर्नटेबल आणि हेडफोनचे दोन जोड ठेवले, तर ज्याच्याकडे अजून यंत्र नाही त्याला आठवड्यातून एकदा बसून ऐकता येईल आणि विकत काय घ्यायचे हेही तिथेच ठरवता येईल. हा खर्च एका कपाटाच्या खर्चाएवढा आहे. यंत्र ग्रंथालयाच्या सेवकानेच हाताळावे, सुई बदलल्याची तारीख त्यावर लिहून ठेवावी आणि देणगीत आलेल्या ७८च्या रेकॉर्ड त्यावर न वाजवता वेगळ्या उभ्या रचून ठेवाव्यात, एवढ्या तीन अटी पाळल्या तरी पुरे. असा उपक्रम एखाद्या ग्रंथालयात आधीच चालू असेल तर त्याची माहिती आपल्या वाचकांनी याच सदरातून कळवावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
पुणे